पंधरा ऑगस्टच्या भाषणात व्यसनमुक्तीबद्दल बोलणे योग्य ठरेल का?

माणगंगाकाठची लेक (प्रश्न)

नमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात प्रत्येक आळीत एक तरी माजी सैनिक आहे. यंदा १५ ऑगस्टला ध्वजवंदन झाल्यावर माजी सैनिक आणि वीरपत्नी यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचे ग्रामपंचायतीने ठरवले असून सत्कारमूर्तींच्या वतीने चार शब्द बोलण्याचे काम माझ्या वडिलांकडे आले आहे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. ते पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. भाषणाचा विषय सरपंचांनीच सुचवला आहे: ‘स्वातंत्र्य म्हणजे काय?’

निवृत्तीनंतर आबांचे पिणे वाढत गेले. नोकरीत असताना पहाटेच्या पीटीपासून रात्रीच्या रोलकॉलपर्यंत दिवस आखलेला असे. घरी आल्यावर त्या आखणीच्या जागी काहीच आले नाही. लष्करी कॅन्टीनच्या कोट्याची बाटली आधी पाहुण्यांसाठी म्हणून ठेवली जाई, मग ती महिनाभरही पुरेनाशी झाली, आणि शेवटी शेवटी सकाळी चहाचा कप धरताना हात थरथरू नये म्हणून सकाळीच घ्यावी लागू लागली. मुले घाबरून त्यांच्यापासून लांब राहत. अखेर त्यांच्या तुकडीतल्या एका जुन्या सहकाऱ्याने त्यांना स्वतः गाडीत बसवून व्यसनमुक्ती केंद्रात नेले. त्याला आता वर्ष उलटून गेले आहे. आबा दर आठवड्याला साताऱ्याला मीटिंगला जातात आणि त्यांनी तेव्हापासून दारूला स्पर्श केलेला नाही.

भाषणाचा कच्चा मसुदा त्यांनी वहीत लिहिला आहे. पहिल्या अर्ध्या भागात गावातून सैन्यात गेलेल्यांची आणि परत न आलेल्यांची आठवण आहे. दुसऱ्या अर्ध्या भागात त्यांनी लिहिले आहे की देशाचे स्वातंत्र्य राखण्याची नोकरी केलेला माणूस घरी येऊन बाटलीचा ताबेदार झाला, आणि स्वातंत्र्य म्हणजे काय हे त्याला खऱ्या अर्थाने त्यानंतर कळले.

माझ्या थोरल्या भावाला हे मुळीच मान्य नाही. तो म्हणतो की हुतात्म्यांच्या स्मारकासमोर उभे राहून दारू सोडल्याची गोष्ट सांगणे म्हणजे त्यांच्या बलिदानाला आपल्या घरगुती दुखण्याच्या पंक्तीला बसवणे आहे, आणि गाव ज्यांना सुभेदार म्हणून मान देते त्यांनी तो मान स्वतःच्या हाताने कमी करू नये. आबा म्हणतात, हे बोलायचे नसेल तर मला बोलायचेच नाही. मला दोघांचेही म्हणणे समजते, म्हणून निर्णय होत नाही. देशाचे स्वातंत्र्य आणि एका माणसाची व्यसनातून सुटका, या दोन गोष्टी एकाच भाषणात याव्यात का? जाणत्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त फौजी, कवठेमहांकाळ

ताई, मी नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो आहे, त्यामुळे तुमच्या आबांच्या जागी स्वतःला उभे करणे मला जड जात नाही. माझे स्पष्ट मत असे की त्यांना बोलू द्यावे.

आपल्याकडे सैनिकाचा सन्मान म्हणजे रणांगणावरच्या शौर्याचा सन्मान, असे धरून चालतात. त्यानंतरचे आयुष्य कोणी विचारात घेत नाही. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरजवळच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहायला लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथल्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण होते. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. ज्या माणसाने गोळ्या झेलल्या त्याचा मान मोठाच आहे, पण रुग्णालयाच्या खाटेवरून पाण्यापर्यंत जे अंतर त्याने कापले, ते आपल्याला दिसायला इतकी वर्षे का लागली, हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो. १९७१ च्या युद्धानंतर, १९७४ मध्ये, पुण्यात खडकीला मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र सुरू झाले. तिथे जाऊन एकदा पाहा. खाटेवरून चाकाच्या खुर्चीवर स्वतःचे स्वतः सरकता येणे म्हणजे काय, हे तिथला जवान हातांच्या जोरावर दाखवतो. त्याला विचारले तर स्वातंत्र्याचा अर्थ तो फार थोड्या शब्दांत सांगेल.

दारूने जखडलेल्या माणसाची जखम गणवेशावर दिसत नाही आणि ती शत्रूनेही केलेली नसते, एवढा फरक मी मान्य करतो. पण तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी थांबलो. आबांना केंद्रात घेऊन गेला तो त्यांच्याच तुकडीतला माणूस. पहाऱ्यावर आम्ही कधी एकटे नसतो, सोबत जोडीदार असतो. एकाचा डोळा लागला तर दुसरा जागा असतो, आणि त्याचा कोणाला कमीपणा वाटत नाही. निवृत्त होऊन गावी आल्यावर मात्र आम्हाला वाटते की फौजी माणसाने मदत मागणे म्हणजे हार. ही समजूत किती जणांना भोवली ते मी माझ्या ओळखीत पाहिले आहे. सुभेदाराच्या तोंडून गावाने हे ऐकले, तर समोर बसलेल्या दोन-चार निवृत्त जवानांना ते थेट लागू पडेल, आणि त्या दिवशी तेवढे झाले तरी भाषणाचे काम झाले.

वीरपत्नी, कोल्हापूर जिल्हा

मी थोडे वेगळे लिहिणार आहे आणि ते कोणाला दुखवण्यासाठी नाही.

माझे यजमान काश्मीरमध्ये कर्तव्यावर असताना गेले. तेव्हापासून दरवर्षी मला व्यासपीठावर बोलावतात, शाल देतात, फोटो काढतात. अशा वेळी वक्त्यांच्या तोंडी ‘मीसुद्धा एक लढाई लढलो’ हे वाक्य फार सहज येते. कोणी निवडणुकीबद्दल म्हणते, कोणी आजारपणाबद्दल. मला ते सहन होत नाही. ज्यांना बरे होण्याची, चुका सुधारण्याची, मुलीच्या लग्नात उभे राहण्याची संधीच मिळाली नाही, त्यांच्या नावापुढे हा शब्द जपून वापरला पाहिजे. तुमच्या भावाच्या बोलण्यात हाच सल असेल तर तो खोटा नाही, आणि आबांनी त्याच्यावर रागावू नये.

तरीसुद्धा आबांनी गप्प बसावे असे माझे म्हणणे नाही. त्याचे कारण मला माझ्याच आयुष्यात सापडते. व्यासपीठावर मला मान मिळे आणि त्याच गावात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र बोलावणे येत नसे. लग्नघरी मी मागे उभी राहत असे, ओवाळायला कोणी पुढे करत नसे. देशाच्या स्वातंत्र्यासाठी नवरा गमावलेल्या बाईला स्वतःच्या कपाळाचे स्वातंत्र्य नव्हते. मे २०२२ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि नंतर राज्य शासनानेही इतर ग्रामपंचायतींना तसे करण्यास सुचवले, तेव्हा मी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली. शाल मिळाल्याचा आनंद मला कधी तेवढा झाला नव्हता. त्यामुळे मोठ्या स्वातंत्र्याच्या आत माणसाचे स्वतःचे स्वातंत्र्य अडकून पडलेले असू शकते, हे मी नाकारणार नाही.

माझी विनंती मांडणीपुरती आहे. गावातल्या हुतात्म्यांची नावे आधी घ्यावीत, पूर्ण घ्यावीत, वडिलांच्या नावासकट घ्यावीत, आणि तिथे थांबावे. त्यांच्या मरणाची तुलना कशाशीही करू नये. मग स्वतःचे बोलावे, आणि ते बोलताना लढाई, विजय, शहीद हे शब्द आणू नयेत. ‘मी आजारी होतो, लोकांनी मला उभे केले’ एवढे साधे वाक्य पुरे आहे. ते ऐकताना माझ्यासारखीला काहीही खुपणार नाही.

इतिहासाचा शिक्षक, सातारा

वहिनींनी जे लिहिले त्यापुढे माझे लिहिणे पुस्तकी वाटेल, पण आपण साताऱ्यात आहोत म्हणून दोन गोष्टी मांडतो.

आपल्या भागातल्या अनेक गावांत पहिल्या महायुद्धाच्या शिळा आहेत. या गावातून इतके लोक युद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच इंग्रजी मजकूर त्यांवर असतो. संख्या असते, नावे नसतात. ते सैनिक शूर होते यात शंका नाही, पण ज्या साम्राज्यासाठी ते लढले त्याने त्यांच्या देशाला स्वातंत्र्य दिले नव्हते. म्हणजे सैनिकाचा सन्मान आणि स्वातंत्र्य या गोष्टी नेहमी हातात हात घालून आल्या असे आपल्या इतिहासात दिसत नाही. ज्याला याचा पुरावा हवा असेल त्याने सुभेदार रामजी सकपाळ यांचे उदाहरण आठवावे. ते सैन्यातून सुभेदार पदावर निवृत्त झाले आणि पुढे कुटुंबासह साताऱ्यात राहू लागले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचा मुलगा भीमराव इथल्या सरकारी शाळेत दाखल झाला. त्या मुलाला वर्गात इतरांपासून वेगळे, घरून आणलेल्या पोत्याच्या तुकड्यावर बसावे लागे, आणि तहान लागली तर नळाला हात लावता येत नसे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. वडिलांच्या पदाचा त्या नळापाशी काही उपयोग नव्हता. त्याच काळात, १८९२-९३ च्या सुमारास, इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली होती. पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात नोकरी केलेल्या समाजासाठी ते दार बंद झाले आणि महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले. गणवेशाला सलाम आणि माणसाला नकार हा अनुभव वहिनींनी आपल्या शब्दांत सांगितलाच आहे.

पुढे याच भीमराव आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बजावले की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना एकमेकींपासून वेगळे काढता येणार नाही, आणि बंधुतेशिवाय पहिल्या दोन गोष्टी वरवरच्या रंगासारख्या राहतील. मला वाटते, आबांच्या भाषणाचा खरा विषय इथे आहे. व्यसनातून बाहेर पडलेला माणूस कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून बाहेर आलेला असतो. सीमेवरच्या जवानामुळे आपण निर्धास्त झोपतो, तेही दुसऱ्याच्या जागरणावर टिकलेले स्वातंत्र्य आहे. दोन्हींचे मोल सारखे नाही, हे वहिनींचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण दोन्ही एकट्याच्या बळावर टिकत नाहीत, हे आबा अधिकाराने सांगू शकतात.

दुसरी गोष्ट तुमच्या भावासाठी. दारू आणि स्वातंत्र्य यांचा एकत्र विचार करण्याची चाल या जिल्ह्याला नवी नाही. १९३० च्या सविनय कायदेभंगात देशभर स्त्रियांनी परदेशी कापडाच्या दुकानांबरोबर दारूच्या दुकानांवरही निदर्शने केली होती, आणि क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने १९४३ ते १९४६ या काळात इथल्या गावागावांत न्यायदान, कमी खर्चातली लग्ने यांच्यासोबत दारूबंदीचेही काम केले. इंग्रज घालवायचा आणि गाव जसेच्या तसे ठेवायचे, असा त्यांचा विचार नव्हता. आबा त्या परंपरेबाहेर जाऊन काही बोलणार नाहीत.

समुपदेशक, पुणे

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करते. वरच्या चर्चेत अर्थाचा विचार चांगला झाला आहे, म्हणून मी काळजीच्या बाजूने लिहिते.

दारूचे अवलंबित्व हा आजार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश केला आहे. त्यामुळे आबांनी स्वतःला गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभे करण्याची गरज नाही, तसेच जिद्दीच्या जोरावर सोडली असे सांगण्याचीही नाही. या दुसऱ्या गोष्टीची मला जास्त भीती वाटते. अनेक वर्षे रोज पिणाऱ्या माणसाने भाषण ऐकून भारावून त्याच दिवशी एकदम बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत कंप, फिट येणे, भास होणे, भान हरपणे असे प्रकार होऊ शकतात आणि ते जिवावरही बेतू शकतात. म्हणून ‘आजच सोडा’ असे व्यासपीठावरून सांगू नये. ‘आजच डॉक्टरांकडे जा’ असे सांगावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मानसिक त्रासासाठी टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ आहे, आणि माजी सैनिकांना ईसीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून पुढे पाठवून घेता येते. हे क्रमांक भाषणात सांगण्यापेक्षा फळ्यावर लिहून ठेवणे बरे, कारण सगळ्यांसमोर ते टिपून घ्यायला लोक लाजतात.

आबा ज्या मीटिंगला जातात ती अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे दारू सोडण्यासाठी एकमेकांना आधार देणाऱ्यांच्या गटाची असेल, तर तिथे भेटलेल्या कोणाचाही उल्लेख, नाव न घेतासुद्धा, ओळख पटेल असा होऊ नये. १९३५ साली अमेरिकेतल्या ऍक्रनमध्ये दोन व्यसनी माणसांच्या भेटीतून ही चळवळ सुरू झाली तेव्हापासून तिचा सारा भरवसा गुप्ततेवर उभा आहे. भाषणाच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मीटिंगमध्ये हा विषय काढावा असेही सुचवते. टाळ्या मिळाल्यानंतरचे दिवस आणि टीका झाल्यानंतरचे दिवस, दोन्ही घसरणीच्या दृष्टीने अवघड असतात, आणि त्या दिवसांत फोन करता येईल असा माणूस आधीच ठरलेला असावा.

आता एक प्रश्न विचारते. भाऊ काय म्हणतो, आबा काय म्हणतात, ते तुम्ही लिहिले आहे. आई काय म्हणतात? पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. तिथे व्यसनी माणसांच्या पत्नींसाठीही स्वतंत्र गट चालतो, कारण व्यसन एकट्या माणसाला होत नाही आणि सुटकाही एकट्याची होत नाही. आबा आपली गोष्ट सांगतील तेव्हा ती आईंचीही गोष्ट असेल. त्यातले काय गावासमोर यावे हे ठरवण्याचा निम्मा अधिकार त्यांचा आहे, आणि तो अधिकार त्यांना न विचारता वापरला गेला तर स्वातंत्र्यावरच्या भाषणात एक बाई पुन्हा गृहीत धरली जाईल.

माणगंगाकाठची लेक

सर्वांचे मनापासून आभार. आईला विचारले. तिने भाकरी थापता थापता उत्तर दिले आणि हात थांबवले नाहीत. ती म्हणाली, “पेन्शन जमा व्हायच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर तालुक्याच्या बँकेत जायचे, बाहेरच्या पायरीवर बसायचे, आणि पैसे पिशवीत पडले की पहिल्या एसटीने घरी यायचे. आता ते एकटे जातात आणि मी शेतात जाते. हे सांगायचे असेल तर सांगा. मारहाणीचे सांगू नका, ते माझे आहे.”

मारहाणीबद्दल मला आणि भावाला माहीत होते, पण घरात तो शब्द आजवर कोणी उच्चारला नव्हता. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्यानेच वही मागून घेतली आणि वीरपत्नी ताईंनी सांगितले तशी हुतात्म्यांची नावे वडिलांच्या नावासकट, त्यांच्या घरी जाऊन खात्री करून, लिहायला घेतली. दुसऱ्या भागाला त्याची अजूनही पूर्ण संमती नाही. तो म्हणतो की ऐकून घेईन, टाळ्या वाजवणार नाही. आबांना ते चालणार आहे.

आबांनी ‘बाटलीशी युद्ध’ हे शब्द खोडले आहेत. सुभेदार रामजींचा प्रसंग त्यांना घ्यायचा आहे आणि त्यासाठी ते शिक्षक सरांना भेटायला येतील, चालेल ना? हेरवाडच्या ठरावाबद्दल सरपंचांशी बोलायचे मी ठरवले आहे, कारण सत्काराच्या यादीत आमच्या गावच्या ज्या दोन वीरपत्नी आहेत त्यांना गावातल्या हळदीकुंकवाला बोलावतात की नाही, हे मला आजवर ठाऊकच नव्हते. विचारले तर कळले की बोलावत नाहीत.

इतिहासाचा शिक्षक, सातारा

जरूर यावे. रविवारी सकाळी मी घरी असतो. भावालाही सोबत आणा.

निवृत्त फौजी, कवठेमहांकाळ

ताई, एक व्यवहाराची गोष्ट राहिली. १५ ऑगस्टला दारूची दुकाने बंद असतात, पण कॅन्टीनमधून आधी आणलेला माल घरोघरी असतो, आणि सत्कार झाल्यावर संध्याकाळी जुने फौजी एकत्र बसतात तेव्हा तो बाहेर निघतो. आबांना त्या बैठकीला बोलावणे येईलच आणि भाषणानंतर ‘आज एकच घ्या’ म्हणणाराही भेटेल. आयोजकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की बैठक चहाची आहे. कोणी ऐकणार नसेल तर आबांच्या त्या तुकडीतल्या सहकाऱ्याला त्या दिवशी मुक्कामालाच बोलवा. ते शक्य नसेल तर मला कळवा. कवठेमहांकाळहून मी दुपारपर्यंत पोहोचतो.